पाचाची पंगत

"साडेसातला, काका. त्याच्या आधी आमचं किचनच सुरू होत नाही."

मॅनेजर गोड बोलत होता, पण जागचा हलत नव्हता. चौदाव्या मजल्यावरचं ते हॉटेल, भिंती सगळ्या काचेच्या. खाली पुणं असं पसरलेलं की बघणाऱ्याला गरगरावं. मी काचेपाशी उभा राहून मावळतीकडं बघत होतो.

"आणि इथं सूर्य कधी बुडतो?" मी विचारलं.

मॅनेजरनं माझ्या मुलाकडं बघितलं. भरतेशनं मान फिरवली.

"सूर्य? आत्ता डिसेंबर म्हणजे सहाच्या आसपास. सनसेट व्ह्यू आहे ना आपला. लोक खास त्यासाठी येतात, ड्रिंक घेऊन बसतात."

"म्हणजे बघायला उघडं अन् जेवायला बंद."

भरतेशनं माझा दंड धरला आणि मला लिफ्टमध्ये आणलं. दार बंद झाल्याबरोबर तो सुरू झाला.

"आप्पा, त्या माणसाला काय वाटलं असंल? सूर्य कधी बुडतो म्हणं!"

"मग काय विचारायचं? चंद्र कधी उगवतो?"

"चेष्टा पुरे. उद्या संध्याकाळी हॉलंडचे पाहुणे आपल्याकडं जेवणार, अन् आज अजून जागा ठरंना. परवा सकाळी ती माणसं विमानात बसणार."

मला ते ठाऊक होतं. शिरोळ तालुक्यात आमची रोपवाटिका आहे. बापाच्या वेळी वांग्या-टोमॅटोची रोपं वाफ्यावर करून बाजारात डोक्यावर न्यायची, तिथून ती वाढत गेली. ट्रेवर वाणाचं नाव लिहावं लागायला लागलं तेव्हा, पन्नाशी गाठल्यावर, मी अक्षरं गिरवली. भरतेश शेतकी शिकून आला आणि त्यानं दोन हरितगृहं उभी केली. एक भरलं होतं, दुसरं तसंच उभं होतं, आत नुसता वारा फिरत होता. ते बांधलं होतं एकाच आशेवर. हॉलंडची एक बियाण्याची कंपनी ढबू मिरचीची रोपं करायला आपल्या राज्यातली एकच रोपवाटिका निवडणार होती. त्यांनी बऱ्याच बघितल्या, शेवटी दोन उरल्या. एक आमची आणि एक पुण्याजवळची, आमच्या दहापट मोठी. निवड झाली तर भरतेशनं घेतलेली उडी सार्थकी लागणार होती. नाही झाली तर तो कुणाच्या तरी खताच्या कंपनीत नोकरीला जाणार होता. तसं तो मला बोलूनही गेला होता.

पाहुणे आमची रोपं बघून गेले होते. आता राहिलं होतं जेवण. आज रात्री त्या मोठ्या रोपवाटिकेचं, उद्या आमचं.

"त्यांनी फाईव्ह स्टारमधला आख्खा हॉल घेतलाय," गाडीत बसता बसता भरतेश म्हणाला. "गाणं-बजावणं, दारू, सगळं. आणि आपण? मटण नाही, दारू नाही, आता रात्र पण नाही. मग परदेशी पाहुण्याला काय द्यायचं, नारळ?"

आम्ही जैन शेतकरी. गावाकडं आमच्यातली निम्मी घरं आजही दिवे लागायच्या आत जेवतात. माझा तर नियमच घेतलेला होता, महाराजांसमोर, आई गेली त्या वर्षी. सूर्य मावळला की पाण्याचा घोटही नाही. गावात त्यात काही विशेष नव्हतं. लग्नाच्या पंगती बसतात त्याच मुळी उन्हात. पण पुण्यात चांगल्या हॉटेलात दिवसाउजेडी जेवण मागणारा मी पहिलाच असावा.

"तुमी दुपारी जेवून घ्या," भरतेश म्हणाला. "रात्री आमच्यासंगं नुसतं बसा."

"जेवायला बोलवायचं अन् त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं? त्याच्या गळ्याखाली घास उतरंल का रे? तू कुणाच्या घरी गेलास अन् मालक ताटावर बसलाच न्हाई तर तुला काय वाटंल?"

"ते लोक विचार करत नाहीत एवढा."

"आपण करतोय न्हवं?"

त्यानं सिग्नलला गाडी थांबवली. मग समोर बघूनच म्हणाला, "मग तुमी येऊच नका. आप्पांना बरं नाही असं सांगतो मी त्यांना."

रागानं म्हणाला असता तर मी उलटून बोललो असतो. तो रागानं म्हणाला नव्हता. त्यानं ते आधीच ठरवून ठेवलं होतं, हे त्याच्या आवाजावरून कळलं.

दुसऱ्या हॉटेलच्या दारात फेटेवाला उभा होता. त्यानं आम्हाला असा मुजरा केला की मीही हात जोडले. आत सांगितलं, सातच्या आधी टेबल नाही. भरतेशनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "रात्री आठ, पाच माणसं," असं म्हणून तो नाव लिहायला लागला.

"थांब," मी म्हटलं. "अजून एक जागा बघू. तिथं नाही जमलं तर तुझं आठ. मी गावाकडं जातो एस्टीनं."

त्यानं पेन खाली ठेवलं.

तिसरी जागा कोरेगाव पार्कात, जुन्या बंगल्यात. भरतेशच्या मित्रानं नाव सांगितलं होतं. पुढं आंब्याची झाडं, खाली खडी टाकलेली. दार उघडं, पण आत चिटपाखरू नाही. खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या. भरतेश म्हणाला, "बघा, बंद आहे." पण मला जिऱ्याच्या फोडणीचा वास आला होता. मी वासामागं निघालो. तो "आप्पा, आप्पा" करत मागून आला.

मागच्या अंगणात पायऱ्यांवर दहा-बारा माणसं स्टीलची ताटं घेऊन जेवत बसली होती. मधोमध एक बाई, पांढरा कोट घातलेली, हातानं आमटीभात कालवत होती.

"काका, सात वाजता उघडतो आम्ही," ती म्हणाली.

"तुमचं चालू द्या. हे काय, दुपारचं जेवण?"

"दुपारचं कसलं! रात्रीचं. पुढं काम सुरू झालं की बारापर्यंत कुणाला घास मिळत नाही. म्हणून सगळे आत्ताच जेवून घेतात."

"रोज याच वेळेला?"

"रोज."

"मग चूल पेटलीय की तुमची."

"चूल तीनपासून पेटलेली असते काका."

"आं! म्हणजे अडचण चुलीची न्हाई. वाढणाऱ्यांची आहे."

ताटांवरचे दोघंतिघं हसले. बाईही हसली. ती तिथली मुख्य शेफ, रेवती शानभाग. हात धुऊन आली आणि पायरीवरच माझ्याशेजारी बसली. मी तिला सगळं सांगितलं. पाहुणे कोण, काम कोणतं, नियम कसला. भरतेश झाडाकडं बघत उभा होता.

"पाचला जेवण देता येईल," ती विचार करून म्हणाली. "पण हॉटेल दिसणार नाही हां तुम्हाला. टेबलावर कापड तुमच्यापुरतं. दिवे नाहीत, संगीत नाही. शेजारी कुणी तरी फरशी पुसत असेल. वाढायला माझी माणसं घरच्या कपड्यांत. गणवेश सहानंतर चढतात."

"आमच्या पंगतीत पण बाजूला पुसत असतात."

"आणि मेनू मी ठरवणार. ही माझी एक अट."

"माझी पण एकच. मटण-मासे नको, दारू नको, अन् माझ्या ताटात जमिनीखालचं काही नको."

"काका, ह्या तीन झाल्या."

"तुमी शिकलेल्या. मोजा तुमच्या हिशोबानं."

भरतेशनं सबनिसांना फोन लावला. सबनीस त्या कंपनीचे इथले साहेब, पाहुण्यांना फिरवायचं काम त्यांच्याकडं. फोनमधला आवाज मला बाजूला उभं राहून ऐकू येत होता.

"पाच वाजता? अहो चौगुले, चहाला बोलावताय की जेवायला?"

"जेवायला सर. वडिलांची... म्हणजे आमची तशी पद्धत आहे."

"पद्धत ठीक आहे, पण हे युरोपियन लोक आहेत. डिनर आहे, डिनर! आज रात्री तिकडं कॉकटेलच आठला सुरू होणार आहेत. बरं, विचारतो त्यांना. पण मला लाजवू नका."

थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. पाहुणे हो म्हणाले होते. "फार सभ्य लोक आहेत, नाही म्हणणार नाहीतच," सबनीस म्हणाले. भरतेशनं फोन खिशात टाकला आणि एवढंच बोलला, "सभ्यपणानं येणार. चार घास चिवडून जाणार. परवा पत्र येणार, आभारी आहोत म्हणून."

दुसऱ्या दिवशी आम्ही वेळेच्या बऱ्याच आधी पोचलो. रेवतीबाईंनी खिडकीजवळचं टेबल मांडलं होतं. बाकी सगळीकडं खुर्च्यांचे पाय वर. कोपऱ्यात एक मावशी बादली घेऊन फरशी पुसत होत्या. भरतेशनं ते बघून कपाळाला हात लावला. "मावशी, जरा तासाभरानं नाही का जमणार?" तर मावशी म्हणाल्या, "तासाभरानं जमायचं असतं तर आत्ता कशाला वाकले असते?"

मला हसू आलं, त्याला नाही आलं.

पाहुणेही वेळेआधीच आले. यान साहेब उंच, खांद्यात वाकलेले, उन्हानं तांबडे झालेले. त्यांच्याबरोबर मारायके बाई, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, पायात शेतात घालायचे बूट. कंपनीत निर्णय या दोघांचा. मागून सबनीस कोट-टाय घालून, उलट्या खुर्च्यांकडं बघत, जणू चुकून गोदामात आलेत.

मी हात जोडले आणि बसा म्हटलं. पहिल्यांदा दुधी भोपळ्याचं सूप आलं. मी दोन चमचे घेतो तोवर यान साहेबांचा वाडगा रिकामा. त्यांनी आत बघितलं, मग वाढणाऱ्याकडं बघितलं. त्यानं पुन्हा भरला. मग तळहाताएवढ्या नाचणीच्या भाकऱ्या आल्या, ताज्या लोण्याबरोबर, मग पावट्याची उसळ. मारायके बाईंनी काटा-चमचा बाजूला सारला आणि माझं बघून हातानं तुकडा मोडला. सबनीस मात्र सारखे घड्याळ बघत होते आणि हवेबद्दल काही तरी इंग्रजीत बोलत होते. त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

भरतेश माझ्या कानाशी आला. "आप्पा, आवडतंय का खोटं खातायत?"

"खोटं खाणारा लोणी दुसऱ्यांदा मागत न्हाई."

तिसऱ्या भाकरीनंतर यान साहेब मागं रेलले. त्यांनी माझ्याकडं बघून काही विचारलं. भरतेशनं सांगितलं, "विचारतायत, जेवणाची ही वेळ का ठेवली?"

"सांग, मी सूर्य मावळल्यावर खात न्हाई. घेतलेला नियम आहे."

भरतेश क्षणभर थांबला. मग हसत हसत बरंच काही बोलला. पाहुण्यांनी खिडकीकडं बघून माना डोलावल्या. मला इंग्रजी येत नव्हतं, पण मुलगा माझा होता.

"काय सांगितलंस?"

"तेच की. ह्या बागेत संध्याकाळचा उजेड फार छान पडतो म्हणून..."

"मी उजेडाचं बोललो?"

"आप्पा, आत्ता नको. नियम-बियम ऐकून त्यांना वाटंल ह्या लोकांबरोबर काम करायचं म्हणजे..."

"काय वाटंल ते वाटू दे. मी सांगितलं तेवढं सांग."

सबनीस मध्ये पडले. "जाऊ द्या ना आप्पासाहेब, उजेडाचं पण छानच आहे."

"साहेब, तुमी जेवा," मी म्हटलं. "भरतेश, सांग."

त्याचा चेहरा उतरला. तरी त्यानं सांगितलं. या वेळी हळू, एकेक शब्द तोडून. यान साहेबांनी हातातला रुमाल ताटाशेजारी ठेवला. मारायके बाईंनी माझ्याकडं निरखून बघितलं.

"पाणीसुद्धा नाही?" त्यांनी विचारलं. भरतेशनं मला सांगितलं.

"पाणीसुद्धा न्हाई."

"आणि आम्ही म्हणालो असतो, आठलाच येतो, तर?" हे यान साहेबांनी विचारलं.

मी जे खरं होतं तेच बोललो. "तर आठला बसलो असतो. तुमाला वाढलं असतं, मी उपाशी राहिलो असतो. पण मग तुमाला जेवायला बोलावलं असं मला गावात सांगता आलं नसतं."

भरतेशनं सांगितलं. दोघं पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. मग मारायके बाई त्यांच्या भाषेत काही तरी पुटपुटल्या आणि यान साहेब एकदम हसत सुटले. असे हसले की मावशींनी पुसता पुसता वर बघितलं. बाईही हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सबनिसांचा चेहरा पांढरा पडला. भरतेश खुर्चीत ताठ झाला. त्याला वाटलं, संपलं.

मारायके बाईंनी मांडीवरची पिशवी उघडली आणि टेबलावर उपडी केली. बिस्किटांचे पुडे पडले. एक फोडलेला, एक अर्धा, दोन नवे. ग्लुकोजची बिस्किटं, आपल्या किराणा दुकानात मिळतात ती.

त्या बोलायला लागल्या, भरतेश सांगायला लागला. आधी अडखळत, मग त्याचा आवाज चढत गेला.

"आप्पा, म्हणतायत, आमच्याकडं सगळा देश सहाला जेवतो. शेतकरी तर त्याच्याही आधी. इथं आल्यापासून एकदाही दहाच्या आत ताट समोर आलं नाही. आधी पेयं, मग भाषणं, मग पुन्हा पेयं. संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत बिस्किटं खातात अन् मग जेवायला निघतात. काल रात्री..." इथं त्यालाच हसू आलं. "काल रात्री यान साहेब काटा हातात धरून टेबलावरच झोपले. ह्यांनी पायानं ढोसून उठवलं, तेव्हा कुठं पहिली डिश आली."

यान साहेबांनी मान खाली घालून डोळे मिटून दाखवले, कसे झोपले ते.

सबनिसांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. "अहो पण मला कधी सांगितलं नाही! मला वाटलं, परदेशी पाहुणे, लवकर जेवायला घातलं तर अपमान होईल. मी स्वतः रोज उपाशी बसतोय तुमच्याबरोबर!"

"आणि आम्हाला वाटलं," मारायके बाई म्हणाल्या, "ही तुमची पद्धत आहे. पाहुण्यानं पद्धत मोडू नये."

"ही पद्धत कुणाची मग?" मी विचारलं. सबनिसांनी टाय सैल केला आणि भाकरी मागितली.

त्यानंतर जेवण जेवणासारखं झालं. यान साहेबांनी त्यांच्या आईचं सांगितलं, ती दारात उभी राहून घंटा वाजवायची आणि उशिरा येणाऱ्याला थंड बटाटे मिळायचे. मी सांगितलं, आमच्या आईकडं घंटा नव्हती, पण तिचा आवाज नदीपलीकडं जायचा. रोपांचं बोलणं निघालं. मुळं कधी ट्रे सोडतात, गाडीत कशी हादरतात, कोणत्या महिन्यात मागणी करणारा घाई करतो. बाईंनी विचारलं, गिऱ्हाईक दारात गाडी घेऊन उभं आहे आणि रोप चार दिवस कच्चं आहे, तर काय करता? मी म्हटलं, त्याला जेवायला घालतो आणि रिकामी गाडी परत पाठवतो. दिवसा आला असेल तर मीही बसतो त्याच्याबरोबर. बाईंनी यान साहेबांकडं बघितलं.

बाहेर आंब्याच्या शेंड्यावर ऊन तांबूस झालं होतं. रेवतीबाई स्वतः वाट्या घेऊन आल्या, शेवयांच्या खिरीच्या.

"काका, आवरा. जेमतेम दहा मिनिटं राहिलीत."

यान साहेबांनी ते कसं ओळखलं कोण जाणे. त्यांनी आधी माझी वाटी माझ्यापुढं सरकवली, मग स्वतःची घेतली. पाचही जण असे खायला लागलो, जणू शाळेची घंटा व्हायची आहे. मारायके बाई खिडकीशी जाऊन सूर्य कुठवर आला ते सांगत होत्या, खात खात. शेवटी यान साहेबांनी तांब्यातून पेला भरला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. मी पाणी प्यालो. पेला खाली ठेवला तेव्हा खिडकीत नुसती लाली उरली होती. बाईंनी टाळी वाजवली. मागच्या दारात उभी राहिलेली वाढणारी माणसंही टाळ्या वाजवायला लागली, आणि मावशी पण, ओल्या हातांनी.

मग एकेक दिवा लागला. माणसं गणवेश घालून आली, खुर्च्या खाली उतरल्या. पाहुण्यांना कॉफी आली. मी नुसता बसून होतो, पण आता नुसतं बसण्यात मला कमीपणा नव्हता.

दोघं बराच वेळ आपापसात त्यांच्या भाषेत बोलत होते. मग यान साहेबांनी कप ठेवला आणि माझ्याकडं बघून सावकाश काही तरी सांगितलं. सबनीस खुर्चीतून अर्धे उठले. भरतेशनं त्यांना तेच पुन्हा सांगायला लावलं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं. "भरतेश?"

सबनिसांनीच सांगितलं.

"आप्पासाहेब, तुम्हाला दोघांना हॉलंडला बोलावतायत. ज्याला काम द्यायचं त्यालाच तिकडं बोलावतात ते, दुसऱ्या कुणाला नाही. एरवी मार्चमध्ये बोलावतात. तुम्हाला जूनमध्ये या म्हणतायत."

"जूनमध्ये का?"

आता भरतेश माझ्याकडं वळला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. "आप्पा, जूनमध्ये तिकडं सूर्य रात्री दहाला मावळतो. म्हणतायत, तुमची उपासमार नको."

माझा हात कधी त्याच्या पाठीवर गेला मला कळलं नाही. यान साहेब उत्तराची वाट बघत होते.

"त्यांना सांग," मी म्हटलं, "तिकडं खुशाल आठला बोलवा. मी जेवायला बसतो."